जिलई आणि खारं पाणी

बोटीच्या इंजिन रूममध्ये सत्तावीस वर्षं काढली, पण बोटीवर असेपर्यंत माझ्या घड्याळावर डोळ्यात भरेल असा एक ओरखडा पडला नाही. नोकरी संपवून मालवणला घरी येऊन राहिलो आणि सहा वर्षांत त्याची पार रया गेली. ऐकणाऱ्याला हे उलटं वाटतं. पण इंजिन रूममध्ये शहाणा माणूस हातात घड्याळ घालतच नाही. एका बाजूला 440 व्होल्टचे पॅनल, दुसऱ्या बाजूला फिरते शाफ्ट. धातूची चेन कुठे टेकली किंवा अडकली तर घड्याळासोबत हातही जायचा. माझं घड्याळ केबिनच्या खणात, पायमोज्यात गुंडाळून पडलेलं असे. बंदर आलं की बाहेर निघायचं, चार तास रस्त्यावर मिरवायचं आणि परत मोज्यात.

घरी आल्यावर मात्र ते रोज हातावर चढलं. विहिरीचा पंप, माडांची आळी, स्कूटर, लोखंडी फाटकाची कडी, आणि आमच्या गडग्याचे जांभ्याचे चिरे. चिऱ्याला मनगट नुसतं घासलं तरी स्टीलवर पांढरी रेघ उमटते. त्यात मला रापण, म्हणजे किनाऱ्यावरून दोरांनी ओढायचं मोठं जाळं, ओढायला जायची हौस. घरची रापण नाही, पण किनाऱ्यावर दोर ओढायला चार हात जास्त असले तर कोणी नको म्हणत नाही, आणि घरी येताना पिशवीत थोडी मासळी पडते. ओल्या दोराला चिकटलेली वाळू म्हणजे पॉलिश पेपरच. असा पन्नास-साठ हात दोर माझ्या मनगटाला घासून गेला असेल. तिथेच सगळ्यात खोल चरे पडले.

घड्याळ ओमेगा सीमास्टर, 300 मीटरवालं. 1999 साली सेकंड इंजिनिअर झालो तेव्हा सिंगापूरला घेतलं. निळी तबकडी, तिच्यावर बारीक लाटांची नक्षी, भोवती निळी फिरती कडी, मागच्या झाकणावर समुद्री घोडा. आता एक गोष्ट नीट सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यामुळे घडलं. हे घड्याळ सगळीकडून चकचकीत नाही. चेनच्या रुंद कड्या मॅट आहेत, म्हणजे जवळून बघितलं तर एकाच दिशेने ओढलेल्या केसासारख्या बारीक रेघा दिसतात. त्यांच्या मधल्या अरुंद कड्या आरशासारख्या. डबीच्या, म्हणजे मशीन असतं त्या धातूच्या पेटीच्या, कुशी मॅट. चेन धरणारे चार पाय, कारागीर त्यांना लग म्हणतात, ते पिळदार. आणि पिळाची एक बाजू मॅट तर शेजारची चकचकीत. दोन्ही जिथे भेटतात तिथे सुरीच्या पात्यासारखी धार. सव्वीस वर्षं मी हे घड्याळ वापरलं, पण ही गोष्ट मला चेनचं लॉक बिघडवून घेतल्यावर कळली.

काचेचं आधी सांगतो, कारण ते एका परिच्छेदात संपतं. काच नीलमाची, म्हणजे प्रयोगशाळेत तयार केलेला कोरंडम. मोह्सच्या मोजपट्टीवर तिचा कठीणपणा 9, किनाऱ्यावरच्या गारेच्या वाळूचा 7, आणि घड्याळाचं स्टील त्याच्याही बरंच खाली. त्यामुळे वाळू स्टीलला चरे पाडते आणि काचेपुढे हरते. माझी काच अजून कोरी आणि तिच्याभोवतीचं सगळं खरवडलेलं, ते याच हिशेबाने. पुतण्याने मोबाईलवर बघून सांगितलं की टूथपेस्ट चोळा, चरे जातात. ते जुन्या प्लॅस्टिकच्या काचेला लागू पडतं. वडिलांच्या एचएमटीवर मी स्वतः करून बघितलंय, झकास उजळते. नीलमाच्या काचेवर टूथपेस्ट चोळून फक्त घड्याळाला पुदिन्याचा वास येईल.

तर लॉक. बाजारपेठेत माझा शाळासोबती सोनार आहे. गणपतीच्या आधी बायकोच्या पाटल्या उजाळायला गेलो होतो. रिठ्याच्या पाण्यात धुऊन, मोटरवर कापडी बफ लावून त्याने त्या अशा काही झळाळून दिल्या की मी हातातलं घड्याळ काढून पुढे केलं. म्हटलं, हेही जरा चकचकीत कर. तो म्हणाला, "दोन मिनटांचा काम." आणि खरंच दोन मिनिटांत केलं. सुरुवात म्हणून फक्त लॉक घेतलं, बफला पॉलिशचं लाल रूज लावलं, आणि चर्र करून फिरवलं. चरे गेले. लॉकमध्ये स्वतःचं नाक दिसायला लागलं. आम्ही दोघेही खूष. बायको म्हणाली, नव्यासारखं झालं.

रात्री दिव्याखाली बघितलं तेव्हा पोटात गोळा आला. लॉक मुळात मॅट होतं. आता मॅट चेनच्या मधोमध एक आरसा बसला होता, कोल्हापुरी चपलेला पितळी बक्कल लावावं तसा. वरचं कोरलेलं चिन्ह कडांना बोथट झालं होतं. आणि आरशावर बारीकशी रेघही ओरडून दिसते, मॅटवर ती रेघांत रेघ मिसळून जाते. चार दिवसांत लॉकवर नव्या केसासारख्या रेघांचं जाळं दिसायला लागलं, आधीपेक्षा वाईट.

सोनाराचा यात काडीचा दोष नाही. चकचकीत कर असं मीच म्हटलं होतं आणि त्याने तेच करून दिलं. त्याच्या धंद्यात उजाळा म्हणजे झळाळी. दागिना जितका झळाळेल तितकं काम चांगलं. माझ्याच तोंडात चुकीचा शब्द होता.

मग मी नेहमीच्या सवयीने प्रकरण मुळातून वाचून काढलं. इंजिनिअरला लाजच वाटावी इतकी साधी गोष्ट आहे. चरा म्हणजे खड्डा. पॉलिश करून खड्डा भरत नाही. खड्ड्याच्या तळापर्यंत आजूबाजूची जमीन उतरवायची, म्हणजे खड्डा राहत नाही. वर्षानुवर्षं व्हॉल्व्हच्या सीटा लॅप केल्या, म्हणजे पेस्टने घासून सपाट केल्या, दाणा बारीक करत करत पेस्ट बदलली, तेव्हा धातू जातोय हे मला माहीत होतं. पण तेच तत्त्व माझ्या मनगटावरच्या वस्तूला लागू आहे, हे डोक्यात शिरलं नव्हतं. प्रत्येक पॉलिशला घड्याळ थोडं लहान होतं. बारीक घासणीला ते मायक्रॉनमध्ये असतं, डोक्याचा केस साधारण 70 मायक्रॉन धरा, त्याच्याही फार खाली. नखाला लागणारा चरा काढायचा तर मात्र बराच थर जातो, आणि तो सपाट भागातून कमी आणि धारेतून जास्त जातो, कारण मऊ बफ धारेवर दोन्ही बाजूंनी दाबला जातो. म्हणून फार वेळा पॉलिश केलेलं घड्याळ चोखलेल्या लिमलेटच्या गोळीसारखं दिसतं. जुनी घड्याळं जमवणारे लोक तर चरे असलेलं पण धार शाबूत असलेलं घड्याळ जास्त किमतीला घेतात.

माझ्या एका जुन्या सहकाऱ्याने मुंबईत आपलं घड्याळ असंच एका मोठ्या दुकानात दिलं होतं. परत आलं ते चकचकीत, पण लग अंगाने वाळलेले. तेव्हा तो खुशीत होता. मी त्याला काही सांगायला गेलो नाही. कंपनीच्या सर्व्हिसचाही अंदाज काढला. तिथे मशीनची पूर्ण दुरुस्ती आणि डबी-चेनचं फिनिशिंग एकत्रच येतं. पॉलिश नको असेल तर तसं आधी स्पष्ट सांगून ठेवावं लागतं. काम उत्तम होणार यात शंका नव्हती. आकडा इथे लिहीत नाही. बायको हे वाचते.

शेवटी पत्ता मिळाला तो सावंतवाडीचा. मोती तलावापासून दहा मिनिटं चालत, एका घराच्या पडवीत. काका सत्तरीच्या पुढचे. मुंबईला घड्याळांच्या वर्कशॉपमध्ये पस्तीस वर्षं काढून गावी परत आलेले. पाटी नाही, शोकेस नाही. एक टेबल, एक हिरव्या शेडचा दिवा, आणि खिडकीत सुकत घातलेले कोकमाचे सोले. मी घड्याळ पुढे केलं. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं आणि दहा मिनिटं एक शब्द बोलले नाहीत. मग लॉकवर बोट ठेवून विचारलं, "ह्या कोणी केल्यान?"

मी सांगितलं.

"आणि तू माझ्याकडे कित्याक इलंस? उरलेला पण असाच करूक?"

मी म्हटलं, नाही, जसं होतं तसं करून हवंय. त्यावर ते हसले. "जसा होता तसा होवचा नाय. चांगला होयत."

मग त्यांनी मला घड्याळाचे चरे वाचायला शिकवलं. तिरप्या उजेडात धरायचं आणि हळूहळू फिरवायचं. एकाच दिशेच्या पुसट रेघा म्हणजे बाहीची, टेबलाची घासण. ती हाताने जाते. नख अडकतं तो चरा. त्याचा विचार करावा लागतो. आणि तिसरी ठेच, जिथे धातू गेलेला नसतो, नुसता बाजूला सरकलेला असतो, कडेला बारीक उंचवटा होऊन बसलेला. ठेच घासायला गेलं तर फुकट धातू जातो. तो उंचवटा तेवढा दाबून, चोळून बसवायचा. माझ्या खालच्या डाव्या लगवर अशी एक ठेच होती, विहिरीच्या चाकाची. उजव्या कुशीवर रापणीचे तीन लांब चरे, नख स्पष्ट अडकत होतं. काका म्हणाले, दोन काढतो, तिसरा राहील. तिसरा काढायचा तर कुशीवरची जमीन इतकी उतरवावी लागेल की ती वरच्या धारेला भिडेल. मी लगेच हो म्हटलं, आणि त्यांना ते बहुधा आवडलं, कारण त्यानंतर त्यांनी चहा मागवला.

निळ्या कडीवरही चरे होते. तिला त्यांनी हातच लावला नाही. ती पट्टी ॲल्युमिनियमची, रंग वरच्या पातळ थरात. घासली की खालचा पांढरा धातू उघडा. बदलायची नाहीतर आहे तशी ठेवायची. ठेवली.

मशीन बाहेर काढल्याशिवाय डबीला पॉलिश करत नाही, ही त्यांची अट. बफची धूळ म्हणजे घासणारी पावडर. ती चाकांच्या तेलात गेली की घड्याळ आतून झिजत राहतं. सोनाराने लॉकवरच थांबून माझ्यावर केवढे उपकार केले, ते तेव्हा कळलं. शिवाय घड्याळ दिवसाला अकरा सेकंद पुढे जात होतं. या मशीनला क्रोनोमीटरचं प्रमाणपत्र असतं, म्हणजे नवं असताना दिवसाला सरासरी 4 सेकंद मागे ते 6 सेकंद पुढे, यातच ते बसायला हवं. तेल सुकलं होतं. मी म्हटलं, तेही करा.

मागचं झाकण उघडलं आणि काकांच्या तोंडून "अरे देवा" निघालं. मी टेबलावरून वाकून बघितलं. झाकणाच्या आट्यांत करडा-तपकिरी चिखल, घाम आणि मीठ मिळून झालेला. रबरी गॅस्केट चपटं होऊन चिक्कीसारखं कडक झालेलं. आणि ते काढून खाली पुसल्यावर, ज्या गुळगुळीत पट्टीवर गॅस्केट टेकतं तिच्यावर सुईने टोचल्यासारखे काळे ठिपके. पाच-सहा. एक मोठा, मोहरीच्या चतकोराएवढा.

"खाऱ्या पाण्यान खाल्ल्यान हा," काका म्हणाले.

इथे मला खाली मान घालावी लागली. कारण ही गोष्ट मला त्यांच्यापेक्षा जास्त माहीत आहे. समुद्राच्या पाण्याच्या पाइपलाइनी, कूलर, फ्लँज म्हणजे पाइपांचे जोड, यांवर मी अर्धं आयुष्य घालवलंय. हे स्टील 316L. त्यात 16 ते 18 टक्के क्रोमियम आणि 2 ते 3 टक्के मॉलिब्डेनम. क्रोमियमचा ऑक्साइड वर नजरेला न दिसणारा पापुद्रा धरतो, तो स्टीलचं रक्षण करतो. पापुद्रा खरचटला तरी हवेतल्या ऑक्सिजनने परत धरतो. म्हणून वरच्या चऱ्यांनी, रापणीच्या दोरानेसुद्धा, स्टीलचं काही बिघडत नाही. ते फक्त वाईट दिसतं. पण जिथे अरुंद फट आहे, पाणी साचून राहतं आणि हवा पोचत नाही, तिथला ऑक्सिजन संपतो, पापुद्रा परत धरत नाही, मिठातलं क्लोराइड आत साचत जातं आणि धातू ठिपक्याठिपक्याने पोखरला जातो. बोटीवर फ्लँज उघडला की गॅस्केटखाली नेमकं हेच दिसायचं. ज्युनिअरना मी हे कितीदा तरी फळ्यावर काढून समजावलंय. आणि स्वतःचं घड्याळ? 300 मीटरचं आहे, समुद्राचं काय भय, अशा तोऱ्यात. रापण ओढून आल्यावर पायावरची वाळू धुतली, मासळी धुतली, घड्याळ कधी नळाखाली धरलं नाही. गॅस्केट शेवटचं बदललं त्याला तेरा वर्षं झाली होती.

सहा महिने मी वरच्या रेघांच्या मागे होतो आणि खाली समुद्र झाकण खात बसला होता.

काका म्हणाले, आता पॉलिश मागे, आधी हे. नशीब एवढंच की ठिपके बहुतेक झाकणाच्या बाजूला होते, डबीच्या सीटवर फक्त एक पुसटसा. झाकणाची पट्टी सपाट करता येते. त्यांनी जाड काचेचा तुकडा घेतला, त्यावर बारीक पॉलिश पेपर ओला करून पसरला, झाकण उपडं ठेवून इंग्रजी आठाच्या आकड्यात फिरवायला सुरुवात केली. ती हालचाल बघून मला राहवलं नाही. म्हटलं, काका, हे मला येतं. त्यांनी एकदा माझ्या हातांकडे बघितलं आणि झाकण दिलं. अर्धा तास मी ते फिरवलं. दर दोन मिनिटांनी धुवायचं, भिंगाखाली बघायचं, थोडं वळवून परत. चार ठिपके गेले, पाचवा बारीक राहिला, मोठा उथळ झाला. समुद्री घोड्याच्या बाजूला अर्थात हात लावला नाही. तो झिजला की परत उठत नाही.

त्यानंतरच्या दोन खेपा सव्वा महिन्याच्या अंतराने झाल्या, कारण गॅस्केट मुंबईहून यायचे होते आणि मधे काकांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. त्या काळात चेन त्यांनी अल्ट्रासॉनिकच्या, म्हणजे ध्वनिलहरींनी मळ काढणाऱ्या, भांड्यात घातली होती. भांड्यातलं पाणी मासळीच्या परातीसारखं गढूळ झालं म्हणाले. धुतल्यावर निम्मे चरे चरे नव्हतेच, मळ होता. हे मी मुद्दाम लिहितोय. कोणाला पॉलिशचा विचार करायचा असेल तर आधी चेन सुटी करून कोमट पाण्यात दोन थेंब भांड्यांचं लिक्विड टाकून मऊ दातब्रशने धुवा. मी काकांना पैसे देऊन हे शिकलो.

चेनचं मॅट काम त्यांनी माझ्यासमोर केलं आणि लॉकचं माझ्याकडून करून घेतलं. आधी अरुंद चकचकीत कड्यांवर पिवळी, उष्णता सोसणारी पातळ टेप चिकटवायची; प्रत्येक कडीवर वेगळी, ब्लेडने कापून. एवढ्यालाच तास गेला. मग घासायची जाळी, स्वयंपाकघरातल्या हिरव्या जाळीची सख्खी बहीण, पण प्रत ठरलेली. ती लाकडी ठोकळ्याला ताणून धरायची आणि चेन लांबीच्या दिशेने एकदा ओढायची. एकदाच. परत सुरुवातीला न्यायची तर उचलून न्यायची.

"हात उलटो फिरवू नको," काका तीनदा म्हणाले. मी जुन्या स्टीलच्या चमच्यावर सराव केला, तरी हात आपसूक मागे-पुढे जायचा. मागे-पुढे गेलं की रेघा एकमेकींवर चढतात आणि कारखान्यातल्या सरळ रेघेऐवजी भांडं घासल्यासारखं दिसतं. शिवाय ओढ शेवटपर्यंत एकाच दाबाची लागते. मध्ये थांबलात की तिथे डाग. पन्नास टन वजनाचं इंजिन उघडून बसवलेल्या माणसाला चमच्यावर सरळ रेघ मारायला दुपार लागली.

लॉकचा आरसा मात्र माझ्या हातानेच गेला. थोड्या जाड पॉलिश पेपरने आधी जिलई घालवली, मग जाळीने रेघा. सोनाराने जेवढा धातू नेला तेवढाच थोडा मीही नेला असणार. चिन्हाच्या कडा बोथटच आहेत. काका त्याला "आता तुजो शिक्को" म्हणाले.

डबीचं काम त्यांनी मला करू दिलं नाही, आणि ते बरंच झालं. लगच्या पिळावर चकचकीत भाग करताना मॅट भागावर टेप, मॅट करताना चकचकीत भागावर टेप. बफ कापडी नव्हे, कडक फेल्टचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा. मऊ कापड धारेवरून लोळतं, कडक फेल्ट सपाट भागापुरतंच टेकतं. मोटर चालू करून डबी दोन सेकंद टेकवायची, काढायची, बघायची, बोटाने ताप बघायचा. दोन सेकंद काम आणि अर्धा मिनिट बघणं. मी मनातल्या मनात सोनाराचे ते दोन मिनिटं आठवत होतो. कुशीवरचे दोन चरे गेले. तिसरा ठरल्याप्रमाणे राहिला, पण त्याच्या कडांचा खरखरीतपणा गेला आणि रेघाही त्याच्याच बाजूने ओढल्या गेल्यामुळे तो सांगितल्याशिवाय दिसत नाही. विहिरीच्या चाकाची ठेच त्यांनी गुळगुळीत पोलादी दांडीने दाबून बसवली. खळगा आहे, पण बोटाला टोचत नाही.

मग पाण्याची परीक्षा. पारदर्शक जाड नळकांडं, खाली अर्धं पाणी, वर हवा, बाजूला हातपंप. पहिल्यांदा मशीन न घालता रिकामी डबी, नवं गॅस्केट, त्याला सिलिकॉन ग्रीसचा हात. घड्याळ पाण्याच्या वर टांगलेलं. पंप मारून 6 बारपर्यंत दाब चढवायचा आणि पाच-सात मिनिटं थांबायचं. कुठे फट असेल तर तेवढ्या वेळात दाबाची हवा डबीत शिरते. मग घड्याळ पाण्यात उतरवायचं आणि दाब हळूहळू सोडायचा. बाहेरचा दाब उतरला की आतली हवा त्याच फटीतून बाहेर निघते आणि बुडबुडे कुठून येतात ते सांगून टाकतं. बुडबुडे दिसले की घड्याळ तिथल्या तिथे पाण्यावर उचलायचं. दाब पूर्ण उतरेपर्यंत ते बुडालेलं राहिलं तर त्याच फटीतून पाणी आत जायचं.

आम्ही दोघे नळकांड्याला नाक लावून बसलो होतो. चावीकडून काही नाही. दहाच्या आकड्याशी खोल बुडी मारणाऱ्यांसाठी हेलियमचा व्हॉल्व्ह असतो, तिथेही शांत. मग झाकणाच्या कडेने, बरोबर त्या मोठ्या ठिपक्याच्या जागी, एक बारीक मोती. मग दुसरा. काकांनी काही न बोलता वर उचललं.

झाकण परत काचेवर आलं. आणखी पाऊण तास. या वेळी मी ठिपका पूर्ण जाईपर्यंत सोडलं नाही. झाकणाच्या खालच्या पट्टीला कोण बघतंय, तिथे धातू गेला तर गेला. वर प्रत्येक मायक्रॉनचा हिशेब मागणारा मी खाली खुशाल घासत बसलो होतो. दुसऱ्या परीक्षेत एकही बुडबुडा आला नाही. मशीन बसवून तिसरी, तीही कोरडी.

तरी काका म्हणाले, "पवाक जातलंस तर ह्या घरी ठेवन जा." म्हणजे पोहायला जाताना घड्याळ घरीच. 6 बार म्हणजे 60 मीटर पाण्याचा दाब, तोही स्थिर. तबकडीवर 300 लिहिलंय ते सव्वीस वर्षांपूर्वीच्या, न पोखरलेल्या डबीबद्दल. डबीच्या सीटवरचा तो एक ठिपका अजून आहे. तो भरायचा तर लेझरने धातू वितळवून भरून परत खरादीवर घ्यावं लागतं, ते मोठ्या शहरातलं काम. पावसात, हात धुताना, नळाखाली काही भीती नाही. गॅस्केट दर दोन वर्षांनी बघायचं. आणि खाऱ्या पाण्याचा शिंतोडा जरी उडाला तरी घरी आल्यावर गोड्या पाण्याखाली, चावी घट्ट आहे ना हे बघून. सगळ्याचे मिळून त्यांनी साडेसहा हजार घेतले. मी सात द्यायला गेलो तर पाचशेची नोट परत केली आणि वर सोल्यांची पुडी दिली.

घड्याळ आता दिवसाला चार सेकंद पुढे जातं. सोनाराला दाखवलं. त्याने ते उलटसुलट करून बघितलं, लॉक बोटाने चाचपलं आणि म्हणाला, "अरे, हेची चमक खंय गेली?" मी त्याला तिरप्या उजेडात रेघा दाखवल्या. त्याने भिंग लावून बराच वेळ बघितलं. आता त्याला ती टेपची युक्ती हवी आहे, मॅट आणि चकचकीत अशा दोन तऱ्हेच्या अंगठ्या करायच्या म्हणतोय.

शेवटच्या खेपेला सावंतवाडीहून परत येताना एसटीत खिडकीपाशी जागा मिळाली. सवयीने डावा हात खिडकीच्या गजावर ठेवला, आणि पहिल्याच खड्ड्याला चेन गजावर खणकन आपटली. घाईघाईने घड्याळ काढून शर्टाच्या खिशात टाकलं. कुडाळ यायच्या आधी आठवलं की खिशात घराच्या किल्ल्या आहेत, वाहकाने दिलेली चिल्लरही. ते परत बाहेर काढलं. रुमाल घामाने ओला होता. शेवटी पायांतले मोजे काढायचा विचार मनात आला, पण शेजारी मासळीची टोपली घेऊन एक बाई बसल्या होत्या आणि त्या मघापासून माझ्याकडेच बघत होत्या.

घड्याळ हातातच घातलं आणि हात मांडीवर ठेवला.